अठरा मिलिमीटरचा पट्टा: लेझर हार्डनिंगच्या हेडसाठी मायक्रोलेन्स, आमच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

चाकणच्या टूलरूमचं काम पक्कं झालं. प्रेस डायचे, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचे, ईएन १९ या पोलादाचे ब्लॉक आहेत. ज्या पट्टीवरून पत्रा घासत जातो तेवढीच लेझरने हार्ड करून द्यायची. पट्टा १८ मिलिमीटर रुंद, खोली ०.८, कडकपणा ५४ ते ५८ एचआरसी (रॉकवेल मापावर). पृष्ठभाग कुठेही वितळता कामा नये, ही अट तोंडी सांगितली, पण खरी अडचणीची तीच. कारण नंतर ग्राइंडिंगसाठी त्यांनी मटेरियल ठेवलेलंच नाही.

आमच्याकडे ४ किलोवॅटचा डायोड लेझर आहे. प्रकाश १ मिलिमीटर गाभ्याच्या फायबरमधून रोबोच्या हातावरल्या हेडमध्ये येतो आणि खाली गोल स्पॉट पडतो. हा गोल स्पॉटच अडचण आहे. तो सरळ रेषेत सरकला की मधल्या रेषेवरून त्याचा पूर्ण व्यास जातो, कडेच्या रेषेवरून नुसती छोटी जीवा. म्हणजे मध्ये जास्त वेळ ऊन, कडेला कमी. ब्लॉक कापून पाहिला तर कडक थर होडीच्या तळासारखा दिसतो.

रुंदी हवी म्हणून शेजारी शेजारी दोन पट्टे मारले तर आणखी वाईट. लेझर हार्डनिंगमध्ये पाणी-तेल काही लागत नाही. पृष्ठभाग ९०० अंशांच्या वर जातो आणि खालचं गार लोखंड ती उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, तयार होतो. पण दुसरा पट्टा मारताना पहिल्याच्या कडेचा मार्टेन्साइट पुन्हा तापतो आणि मऊ पडतो. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर एक मऊ रेघ राहते. पत्रा नेमका तिथेच डायला खातो.

म्हणून १८ मिलिमीटर एकाच फेरीत झाले पाहिजेत.

१४ जून, शुक्रवार

पर्यायांवर दिवस गेला. आरसा हलवून स्पॉट डावी-उजवीकडे झुलवता येतो, पण रोबोच्या हातावर आणखी एक हलणारा भाग मला नको आहे. डिफ्रॅक्टिव्ह काच (बारीक कोरीव नक्षीने प्रकाश वळवणारी) स्वस्त पडली असती. मात्र तिच्यातून न वळलेला थोडा प्रकाश सरळ मध्यावर पडतो, आणि डायोड तापला की त्याची तरंगलांबी अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते. एका तरंगलांबीसाठी कोरलेली काच अशा उगमाला योग्य नाही. चौकोनी काचेची कांडी घेतली तर सगळी पॉवर काही मिलिमीटरच्या तोंडातून जाते. आमच्या शेडमधला एक धूलिकण पुरेल.

मायक्रोलेन्स ॲरेत, म्हणजे बारीक लेन्सांची ओळ असलेल्या काचेत, प्रकाश आधी ४० मिलिमीटर व्यासाचा करून घेता येतो. ४ किलोवॅट एवढ्या क्षेत्रावर पसरले की काचेवर दर चौरस सेंटिमीटरला ३२० वॅटच्या आसपास येतात. फ्यूज्ड सिलिकाच्या काचेला ते काहीच नाही. आणि प्रत्येक बारीक लेन्स आपल्या वाट्याचा प्रकाश पूर्ण पट्टाभर पसरवते. १ मिलिमीटर पिचच्या (एका लेन्सपासून पुढच्या लेन्सपर्यंतचं अंतर) ४० लेन्सांचे ४० पट्टे एकमेकांवर पडतात, त्यामुळे येणारा बीम थोडा वेडावाकडा असला तरी खाली सरासरीच दिसते. याच गुणासाठी मी हा मार्ग धरला.

१८ जून, मंगळवार

हिशोब केला. दोन ॲरे एकामागे एक, त्यानंतर एक मोठी लेन्स. पट्ट्याची रुंदी म्हणजे पिच गुणिले मोठ्या लेन्सची फोकल लांबी, भागिले बारीक लेन्सची फोकल लांबी. १ गुणिले २५० भागिले १२.५, म्हणजे २० मिलिमीटर. सरकण्याच्या दिशेला ८ मिलिमीटर हवेत, तिथे बारीक लेन्सची फोकल लांबी ३१.२५. दोन्ही दिशांना वेगळ्या दंडगोल लेन्स.

यात नवं तत्त्व काही नाही. आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी प्रकाशयोजना मांडली, तिचंच हे नातलग. दिव्याची प्रतिमा वस्तूवर पडू द्यायची नाही, दिव्याच्या प्रत्येक बिंदूने सगळी वस्तू उजळायची. कॉलेजात हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. आज तेच कागदावर स्वतःच्या आकड्यांनी उतरताना फार आनंद झाला.

एक मर्यादा मात्र पाळायची आहे. पहिल्या ॲरेतून निघालेला किरण समोरच्याच लेन्सवर पडला पाहिजे, शेजारणीवर नाही. त्यासाठी आत येणारा कोन ४० मिलिरेडियनच्या आत हवा. फायबर १ मिलिमीटर, कॉलिमेटर (फायबरचा प्रकाश समांतर करणारी लेन्स) १०० मिलिमीटर, म्हणजे आमचा अर्धा कोन ५. भरपूर जागा आहे.

३० जून, रविवार

भोसरीत आमची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम. आज माउलींची पालखी दिघीवरून पुण्यात गेली. रस्ते बंद, अर्धी माणसं दर्शनाला. शेड शांत होती म्हणून कालचं पार्सल आजच उघडलं.

ॲरे हातात घेतल्यावर साध्या काचेच्या चकतीसारखा दिसतो. तिरका धरला की रेघा उमटतात. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक लेन्सची कड तपासली. दोन लेन्सांमधल्या खाचेत प्रकाश वाया जातो, म्हणून ती जितकी अरुंद तितकी बरी. एका चकतीच्या अगदी काठावर टवका निघालाय, बीम तिथे पोचत नाही, चालेल. कोटिंग ठीक आहे. कोटिंग नसतं तर सिलिकाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे साडेतीन टक्के प्रकाश परत फिरला असता. चार पृष्ठभागांचे मिळून ४ किलोवॅटमधले पाचशेच्या वर वॅट हेडच्या आतच भटकले असते.

९ जुलै, मंगळवार

पहिला प्रकाश. ४० वॅटवर, दुधी सिलिकाच्या पडद्यावर. डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरंगलांबी ९७६ नॅनोमीटर. चष्मे सगळ्यांना सक्तीचे, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच पाहायचं.

पट्टा सुंदर आला. पण त्याच्या डावीकडे, अगदी त्याच मापाचा, फिकट दुसरा पट्टा. एकाच बाजूला.

शेजारच्या लेन्सवर प्रकाश गळतोय हे उघड होतं. पण ५ मिलिरेडियनवर गळेल कसा? दुपारपर्यंत कॉलिमेटरवर संशय घेत बसले. दोन्ही बाजूंना भूत दिसलं असतं तर फोकस चुकला म्हटलं असतं. एकाच बाजूला म्हणजे काहीतरी तिरकं. ॲरे बसवलेली कॅसेट काढली तर आतली २ मिलिमीटरची ओ-रिंग एका बाजूने खाचेबाहेर येऊन चेपली होती. ४५ मिलिमीटरच्या कॅसेटखाली २ मिलिमीटर, म्हणजे ४४ मिलिरेडियनचा तिरपेपणा. मर्यादा ४०. रिंग नीट बसवली, भूत गेलं.

तेव्हापासून कॅसेट बसवली की चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवायचा, असं चेकलिस्टमध्ये लिहिलं आहे.

१६ जुलै, मंगळवार

पूर्ण पॉवरच्या जवळ पहिली चाचणी. ३ किलोवॅट, वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, पायरोमीटरवर (दुरून तापमान मोजणारं यंत्र) मध्यभागी ११५० अंश. पट्टा नजरेला एकसारखा, निळसर-करडा, कुठे वितळ नाही. टूलरूमचे साहेब हजर होते, खूश झाले.

ब्लॉक कापला, पॉलिश केला, नायटल (कडक थर वेगळा दिसावा म्हणून लावायचं आम्ल) लावलं. प्रकाश २० मिलिमीटर रुंद होता. कडक थर जेमतेम १५. आणि पुन्हा होडी! गोल स्पॉटच्या होडीपेक्षा तळ सपाट, पण दोन्ही टोकं वर आलेलीच.

मी तासभर त्या तुकड्याकडे पाहत बसले. कॅमेऱ्यावरचा आलेख टेबलासारखा सपाट आहे, मग लोखंडात हे काय?

आमच्या मशीनवर तीस वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये घालवलेले मामा आहेत. त्यांनी तुकडा हातात घेऊन म्हटलं, "ताई, तव्यावर भाकरी टाकली की मध्ये भाजते, काठ कच्चे राहतात. म्हणून तर आई शेवटी भाकरी उभी करून काठ विस्तवाला लावायची."

हेच आहे. पट्ट्याच्या मध्यभागी उष्णता फक्त खाली जाते. कडेला ती खालीही जाते आणि बाहेरही. पुस्तकी हिशोब असा की एका बाजूला पसरलेला सपाट प्रकाश जिथे अचानक संपतो, त्या रेषेवर तापमानातली वाढ आतल्या भागाच्या निम्मीच असते. स्पॉटची लांबी ८, वेग ५, म्हणजे प्रत्येक बिंदूवर प्रकाश १.६ सेकंद. तेवढ्या वेळात तापलेल्या पोलादात उष्णता सुमारे ६ मिलिमीटर पसरते. वीसच्या पट्ट्यात दोन्हीकडून सहा-सहा मिलिमीटर बिघडणार. प्रकाश सपाट असून उपयोग नाही, तापमान सपाट हवं.

२६ जुलै, शुक्रवार

काल पुण्यात पावसाने हाहाकार केला. सिंहगड रोडला लोकांच्या घरात पाणी शिरलं, आमच्यातला एक जण अजून येऊ शकलेला नाही.

सकाळी मशीन चालू केलं तर पट्टा मध्ये पुसट. हेड उघडलं, कॉलिमेटरच्या काचेवर धुकं. चिलरचं पाणी २० अंशांवर ठेवलेलं, आणि या हवेत दवबिंदू त्याच्या वर. गार धातूवर पाणी साचणारच. पूर्ण पॉवरवर न जाता थांबलो हे नशीब, ओल्या कोटिंगवर ३ किलोवॅट म्हणजे काच गेली.

ऑप्टिक्सचं पाणी वेगळ्या फेऱ्यात घेऊन २७ अंशांवर नेलं. हेडमध्ये कोरडी हवा सतत सोडायची सोय केली. लेझर बंद असला तरी ती हवा बंद करायची नाही. कारखान्यातला साधा कॉम्प्रेसर चालणार नाही, त्याच्या हवेत तेल असतं. ड्रायर आणि फिल्टर दोन्ही घेतले.

७ ऑगस्ट, बुधवार

तीन आठवडे सिम्युलेशनवर. निष्कर्ष: दोन्ही कडांच्या सुमारे ३ मिलिमीटरमध्ये प्रकाश मधल्यापेक्षा ३० टक्के जास्त हवा. मध्ये सखल, दोन्हीकडे खांदे.

हे लेन्समधून कसं आणायचं ते कळलं तेव्हा फार छान वाटलं. बारीक लेन्सच्या मध्यापासून काठाकडे जाताना पृष्ठभागाचा उतार वाढत जातो. उतार जिथे जितका, तिथला किरण तितका वळतो. उतार समान गतीने वाढला तर प्रकाश सगळ्या कोनांत सारखा वाटला जातो आणि सपाट पट्टा मिळतो. पण काठाजवळ उतार वाढायचा थांबला, म्हणजे काठ जवळजवळ सरळ ठेवला, तर काचेचा मोठा भाग एकाच कोनाकडे प्रकाश पाठवतो. तिथे खांदा उभा राहतो. वक्रतेत फरक अगदी सूक्ष्म, डोळ्यांना कधीच दिसणार नाही.

यासाठी रुंदीच्या दिशेला दुसरा ॲरे काढून टाकावा लागतो, त्याची किंमत मोजायची आहे. दोन ॲरे असताना कडा धारदार येतात. एकाच ॲरेत फायबरची जाडी कडेला पुसट करते: २५० मिलिमीटर गुणिले १० मिलिरेडियन, अडीच मिलिमीटर. खांदा ३ मिलिमीटरचा आणि पुसटपणा अडीचचा, म्हणजे तीक्ष्ण शिखर येणारच नाही. मला ते हवंच आहे. पोलादाला धारदार शिखर नकोय.

ड्रॉइंग बाहेरदेशी पाठवलं. या विद्येचं एक जुनं ठिकाण म्हणजे जर्मनीतलं डॉर्टमुंड. लिसोचेन्को यांनी १९९२ मध्ये तिथे लिमो ही कंपनी काढली, नावातच त्यांचं आडनाव आणि मायक्रोऑप्टिक. २०१७ मध्ये ती चीनच्या शिआनमधल्या फोकसलाइटने घेतली. आपल्याकडे चष्म्याच्या भिंगापासून दुर्बिणीच्या आरशापर्यंत घासणारे हात आहेत, आणि असा अवर्तुळ ॲरे पुण्यातच करून मिळावा असं मला मनापासून वाटतं. आज मात्र थांबण्याला पर्याय नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

ॲरे अजून नाही. उद्या दसरा. आज शेड धुतली, मशीनला झेंडूच्या माळा. हेडवर झाकण लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. कुंकू आणि उदबत्तीची राख काचेवर गेली तर पुढच्या शॉटला तिथेच डाग जळतो. मामांनी स्वतःच पूजेचं ताट कंट्रोल पॅनेलपाशी ठेवलं, हेडपासून चार मीटर लांब.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आला! पडद्यावर दोन खांदे, मध्ये दरी. मोजलं तर डावा २८ टक्के वर, उजवा ३१. बारा मिनिटं ४ किलोवॅटवर चालवून संरक्षक काचेचं तापमान पाहिलं, स्थिर.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पहिलाच ब्लॉक दोन्ही कडांना वितळला. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चकचकीत, मेणासारखी ओघळलेली रेघ. मध्ये सगळं छान.

चूक माझी. रोबोमध्ये जुना प्रोग्रॅम होता, वेग ८. मी पाहिलं नाही. वेग ८ झाला की प्रकाशाखालचा वेळ १ सेकंदावर येतो, उष्णतेला कडेबाहेर पळायला कमी वेळ मिळतो, आणि खांद्यांची जादा पॉवर तिथेच साचते. पायरोमीटर तर फक्त मधल्या ३ मिलिमीटरच्या वर्तुळाकडे पाहतो. मध्ये ११५० दिसेनात म्हणून कंट्रोलर पॉवर वाढवत राहिला. कडा त्याला दिसतच नव्हत्या.

४ डिसेंबर, बुधवार

आठवडाभर वेगाची शिडी: ३, ४, ५, ६, ७, ८. प्रत्येकी दोन ब्लॉक, प्रत्येक कापून, मोजून. ३ वर पुन्हा होडी, खांदे पुरत नाहीत. ७ च्या पुढे कडा वितळतात. ४.५ ते ५.५ मध्ये थराचा तळ सपाट.

५ वर पट्टा १८.२ मिलिमीटर, खोली मध्ये ०.८५, कडेपासून २ मिलिमीटर आत ०.८. कडकपणा ५६ ते ५७.

म्हणजे हा ॲरे एका वेगासाठीच शिवलेला आहे. वेग बदलायचा तर ॲरे बदला. कॅसेटवर ठळक अक्षरांत कोरून घेतलं: ईएन १९, वेग ५. रोबोच्या प्रोग्रॅममध्येही कुलूप घातलं, या कॅसेटबरोबर दुसरा वेग चालणार नाही. पायरोमीटरच्या जोडीला थर्मल कॅमेरा लावला, तो पूर्ण रुंदी पाहतो.

१८ डिसेंबर, बुधवार

खरे डाय ब्लॉक. बारापैकी आठ सरळ झाले, नायटल लावलेल्या नमुन्यावर टूलरूमने सही केली.

उरलेल्या चारांमध्ये पट्टा ब्लॉकच्या काठाला लागूनच आहे. चाचणीच्या ब्लॉकवर तिथे घामासारखे थेंब फुटले. काठापलीकडे लोखंडच नाही, तर उष्णता बाहेर जाणार कुठे? मी जिच्या भरपाईसाठी खांदा दिला ती गळती तिथे नाहीच. त्या बाजूला सपाट प्रकाशच बरोबर होता.

मामा म्हणाले, "मग तेवढा खांदा बाहेर लटकू द्या ना, ताई." ३ मिलिमीटर बाहेर काढून पाहिलं. खाली पाण्याने गार केलेली तांब्याची पाटी ठेवली, बाहेरचा प्रकाश फिक्श्चरला लागू नये म्हणून. थेंब गेले. मात्र रुंदी १६ भरली.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

चार ब्लॉकवर १६ मिलिमीटर चालतील असं टूलरूमने लेखी दिलं, त्या भागात पत्रा कमी सरकतो. बारा ब्लॉक आज टेम्पोत गेले. प्रेसवर पहिली तपासणी मार्चमध्ये, तेव्हा प्रत्येक पट्टीचं माप पुन्हा घ्यायला मी स्वतः जाणार आहे.

तिसऱ्या कॅसेटचं ड्रॉइंग सकाळी पूर्ण केलं. प्रत्येक बारीक लेन्सचा एकच काठ सरळ, दुसरा नेहमीच्या वक्रतेचा. एका बाजूला खांदा, दुसऱ्या बाजूला सपाट. काठाजवळच्या पट्ट्यांसाठी. उजव्या-डाव्या काठाला कॅसेट १८० अंशांत फिरवून बसवता यावी म्हणून पिना सममित ठेवल्या आहेत, आणि ओ-रिंगची खाच अर्धा मिलिमीटर खोल केली आहे.